तिसरं पाणी

३ एप्रिल, रविवार

उन्हाळा आला की लोकांना तहान लागते आणि माझे हाल सुरू होतात. सरबताच्या कारखान्यात चाखणारी बाई म्हणून सव्वीस वर्षं झाली. मार्च ते जून रोज चाळीस-चाळीस ग्लास. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बेसिनमध्ये टाकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, कोऱ्या पावाचा तुकडा चघळायचा, की पुढचा ग्लास. लोक म्हणतात, काय मजेची नोकरी आहे! हलवायाला विचारा म्हणावं, मिठाईचं किती कौतुक उरलंय.

आणि रविवारी या तिघी मला घराबाहेर ओढून काढतात ते कशासाठी, तर थंडगार काहीतरी प्यायला.

तिघी शाळेपासूनच्या. आईबापांनी आम्हाला चांगली नावं ठेवली आहेत, पण ती मतदार यादीपुरती. एक हेडबाई, प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. आमच्यावरही शाळा चालवते. दुसरी डबलबेल, बसची कंडक्टर. हिने हात वर केला की आपण निघायचं. तिसरी कात्री, केस कापायचं दुकान आहे तिचं, आणि तोंडही तसंच. मी जीभ. गेली पंचवीसेक वर्षं उन्हाळ्यात एक रविवार सोडून एक रविवार आम्ही चौघी गावभर हिंडतो. कुठेही बसलो तरी चौघींसाठी मीच मागवायचं. मेनूकार्ड कोणी उघडायचं नाही, तो माझा अपमान समजला जातो.

ही वहीसुद्धा हेडबाईने दिली. शाळेतली उरलेली. म्हणाली, "सारखी थकले थकले म्हणतेस, लिहून काढ, म्हणजे आमचे तरी कान सुटतील." जानेवारीत तो ताप आला आणि गेला, पण शीण काही जात नाही. सगळं कसं फिकं फिकं झालंय.

आज एका नव्या गच्चीवरच्या दुकानात गेलो. मी चौघींना लिंबू-पुदिना सांगितलं. पुदिना नावाला नव्हता. नुसतं आंबटगोड पाणी. मी त्या पोऱ्याला नाही, थेट मालकालाच बोलावून सुनावलं. त्याने ग्लासात चमचा घालून पानं दाखवली.

"मला तर लागतोय गं पुदिना," कात्री म्हणाली.

"तुला शाम्पूसुद्धा पुदिन्याचाच लागतो," मी म्हटलं.

हसल्या तिघी. पण मला नाही हसू आलं. पाय भरून आले होते, गच्ची तापली होती आणि घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

६ एप्रिल, बुधवार

संत्र्याची बॅच. अर्क कमी वाटला. केमिस्टसाहेबांना सांगितलं, पावपट वाढवा. ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण पदवीवाले, म्हणून साहेब. "मशीनवर तर बरोबर आहे, बाई," म्हणाले. मी म्हटलं, "मशीनला तहान लागते का विचारा." वाढवला.

यंदा फळंच बेचव आहेत. लिंबू तसं, संत्रं तसं. जमिनीतच कस राहिला नसेल.

११ एप्रिल, सोमवार

दूध जळलं. मी ओट्यापासून चार हातांवर टेबलाशी हिशेबाला बसावं तशी ही वही घेऊन बसले होते. सासूबाई आतल्या खोलीतून काठी टेकत टेकत आल्या, वय ऐंशी, आणि गॅस बंद करून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"सूनबाई, घराला आग लागली तर तुला टपालाने कळवायचं का?"

"लक्ष नव्हतं हो आई."

"लक्ष नव्हतं ते डोळ्यांचं. नाकाला कुठे लक्ष द्यावं लागतं?"

त्यांचा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, आणि दोघींपैकी कान माझे चांगले, नाक त्यांचं. दिवसभर वासांशी खेळणाऱ्या माणसाचं नाक घरी आलं की बंद पडतं. चांभाराच्या घरी जोडे फाटके असतात तसं. हे मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं नाही. उद्यापासून दूध त्या तापवणार म्हणतात.

१७ एप्रिल, रविवार

तळ्यावर गेलो. डबलबेल होडीत मागच्या टोकाला बसली आणि प्रत्येक वळणाला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत होती. ऊन इतकं, की वल्ह्याची दांडी भाजत होती. कात्रीने आम्हाला टोप्या आणल्या होत्या. माझ्या टोपीला एक भलंमोठं फूल होतं. या वयात! पण काढायचाही कंटाळा आला, म्हणून तशीच बसले.

खायला हेडबाईने उकडलेली अंडी आणि काकडीचे सँडविच आणले होते. मला भूक होती. बाकीच्या डबे उघडत, फोटो काढत होत्या तोवर मी दोन अंडी संपवलीसुद्धा. मग कात्रीने आपलं अंडं फोडलं आणि "शी!" म्हणून हात लांब केला. हेडबाईने डबा नाकाशी नेला आणि झाकण लावून टाकलं. सकाळपासून उन्हात राहिली होती म्हणे.

मग तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"तू... खाल्लीस?" डबलबेल म्हणाली.

"दोन. चांगली होती."

 काठावर येईपर्यंत तिघी डबे आवरत बसल्या, सँडविचलाही कोणी हात लावला नाही. या तिघींचे चोचले फार वाढले आहेत अलीकडे.

२० एप्रिल, बुधवार

सोमवार आणि मंगळवार रजा. पोट. तळ्यावरचं पाणी बाधलं असणार.

२५ एप्रिल, सोमवार

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. दुकानदारांच्या तक्रारी आल्या आहेत. संत्र्याचं सरबत औषधासारखं लागतं म्हणे, तोंडात घातलं की डोक्यात चढतं. साहेब सभ्य आहेत, त्यांनी नुसतं विचारलं, "बाई, अर्क वाढवायचं कारण?" मी म्हटलं, उन्हात ट्रक उभे राहतात, अर्क फुगतो. त्यांनी मान हलवली. केमिस्टसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

मी खोटं नाही बोलले. मला तसंच वाटतं.

पण आता खरं लिहायचं तर, जिना उतरताना केमिस्टसाहेबांचं ते खिडकीबाहेर बघणं आठवलं. घरी येऊन दार लावून घेतलं आणि परीक्षा घेतली. कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग डोकेदुखीचं मलम उघडून हुंगलं, नाकातून पार कपाळापर्यंत गार झोंबलं. म्हणजे नाक जागेवर आहे. उगाच मन चिंती ते वैरी न चिंती.

सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "कांदा कशाला चिरतेस? जेवण झालं की मघाशीच."

१ मे, रविवार

आज फार बरं वाटतंय. किती दिवसांनी.

बागेत गेलो होतो. तिथल्या रसवाल्याकडे दरवर्षी आमचा एक खेळ असतो. मी डोळे मिटायचे, या तिघींनी तीन ग्लास आणायचे, मी एकेक घोट घेऊन ओळखायचं. कधी एकदाही चुकलेली नाही. आजूबाजूचे लोक जमतात, लहान मुलं टाळ्या वाजवतात. यंदा तिघींपैकी कोणी खेळाचं नावच काढलं नाही. मग मीच म्हटलं, आणा.

"राहू दे गं. दमली आहेस तू," हेडबाई म्हणाली.

"दमलेय म्हणूनच. आणा."

तरी तिघी बराच वेळ उभ्याच. शेवटी गेल्या. मी बाकावर डोळे मिटून बसले. हातात पहिला ग्लास आला, आंबट, मागून थोडं कडवट. लिंबू. दुसरा आंबटगोड. संत्रं. तिसरा नुसता गोड, पातळ. या तिसऱ्याला जरा अडले, मग म्हटलं, अननस, पाणी फार घातलंय.

कोणीतरी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. मग हेडबाई म्हणाली, "बरोबर."

"तिन्ही?"

"तिन्ही," डबलबेल म्हणाली, आणि टाळ्या वाजवायला लागली.

डोळे उघडले तर ग्लास रिकामे. कात्रीने सगळे गटागटा पिऊन टाकले होते, अधाशी कुठली! ओठ बघावेत तर जांभळे झालेले, आधी काहीतरी दुसरंही पिऊन आली असणार. रसवाला काहीतरी बोलायला आला होता, पण हेडबाईने त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा वर्गातल्या मुलासारखा मागे फिरला. हिची शाळेची सवय जायची नाही.

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना बसमध्ये मी गाणं गुणगुणत होते. सव्वीस वर्षं कमावलेलं एका तापाने थोडंच जातं?

४ मे, बुधवार

कामाचा दिवस, पण चांगला गेला.

आमच्याकडे पद्धत अशी. सरबताची बॅच बदलायच्या आधी टाकी औषधाने धुतात, मग तीन पाण्यांनी विसळतात. तिसऱ्या पाण्याचा ग्लास झाकून माझ्याकडे येतो. मी हुंगायचं, घोट घ्यायचा, आणि "भरा" म्हटलं तरच टाकीत माल पडतो. ग्लास आणतात ते टाकीमामा. मी लागले त्याच्या आधीपासून टाक्या धुतात. दोन वर्षांत निवृत्त होतील. ग्लास असा दोन्ही हातांनी धरतात जसं काही त्यात तीर्थच आहे.

आज म्हणाले, "बाई, औषध नवीन दिलंय कंपनीने. फेसच जात नव्हता. जरा नीट बघा."

मी नीट बघितलं. दोनदा हुंगलं, घोट घेतला. पाणी ते पाणी. "स्वच्छ आहे मामा. भरा."

केमिस्टसाहेब तिथेच होते. त्यांची कागदाची पट्टी म्हणत होती ठीक आहे. तरी ग्लास हातात घेऊन म्हणाले, "मला काहीतरी येतंय. तुम्हाला नाही येत?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हे पाणी हुंगतेय."

त्यांनी ग्लास परत ठेवला. रविवारच्या आधी मी असं बोलले नसते कदाचित. पण आता मनात शंका नव्हती.

१२ मे, गुरुवार

ट्रक परत आले. चार तारखेच्या त्या टाकीतला सगळा माल. दुकानदार म्हणतात, बाटली उघडली की इस्पितळात फरशी पुसल्यासारखा वास. दोन-तीन घरांतली मुलं ओकली. कोणी आजारी नाही, देवाची कृपा, पण ओकली.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. टाकीमामांना विचारलं, विसळली का नीट?

मामा म्हणाले, "तीन पाण्यांनी विसळली साहेब. तिसरं पाणी बाईंनी पास केलं. बाईंनी पास केलं म्हणजे टाकीत काही नव्हतंच. मग नंतर माझीच चूक झाली असणार. नळी राहिली असेल धुवायची. वय झालं आता."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला वास आला नव्हता." हे खरंच होतं. साहेबांनी मान डोलावली, जसं काही तिथेच निकाल लागला. चौकशी होईपर्यंत मामांना घरी बसायला सांगितलं. त्यांनी रबरी बूट काढले, फडक्याने पुसले, जागेवर ठेवले आणि गेले.

मी चाखायच्या खोलीत जाऊन परत आलेली एक बाटली उघडली. नाक अगदी तोंडाशी नेलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. मागे बघितलं तर केमिस्टसाहेब दारात, रुमालाने नाक दाबून उभे. मी खोलीत आणि ते दारात.

बाटलीला झाकण लावलं. 

१३ मे, शुक्रवार

कामावर गेले नाही. सासूबाईंना म्हटलं डोकं दुखतंय.

पण मग बागेतल्या त्या रविवारचं काय? तिन्ही ग्लास बरोबर ओळखले होते की मी. तिघींनी सांगितलं. तिघी खोटं बोलतील? चाळीस वर्षांत कधी बोलल्या नाहीत. कात्रीला तर खोटं बोलताच येत नाही, गिऱ्हाइकांना तोंडावर सांगते की हे केस तुम्हाला शोभत नाहीत.

सारखी एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. तिचे ते जांभळे ओठ.

१५ मे, रविवार

आज ठरलं होतं नदीकाठी जायचं. मी म्हटलं, आधी कात्रीच्या दुकानात भेटू. दुकान बंद होतं, आत पंखा चालू, आरशांपुढे चार खुर्च्या. चौघी चार आरशांत.

मी सरळ विचारलं, "त्या दिवशी ग्लास कशाचे होते?"

हेडबाई म्हणाली, "कुठल्या दिवशी?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कशाचे होते?"

डबलबेल रडायलाच लागली. कात्री खुर्चीच्या हाताला बोटं घासत होती. शेवटी हेडबाईच बोलली, "पहिलं लिंबूच होतं. ते तू बरोबर ओळखलंस."

"आणि बाकीचे?"

"काळी द्राक्षं. आणि कलिंगड."

कलिंगड! शेंबड्या पोरालाही ओळखता येतं.

"तळ्यावरच आम्हाला कळलं," कात्री म्हणाली. "त्या अंड्यांचा वास पार दुसऱ्या होडीपर्यंत गेला असेल गं. आणि तू दोन खाल्लीस."

"मग बोलला का नाहीत?"

"मीच म्हटलं नको," हेडबाई म्हणाली. "तापाने झालं असेल, येईल महिन्या-दोन महिन्यांत परत, उगाच घाबरवायचं कशाला. आणि त्या दिवशी... तू इतकी खूश झालीस. माझ्या तोंडून आपोआप निघालं, बरोबर."

मी त्यांना टाकीचं सांगितलं. तुमच्या त्या 'बरोबर'च्या जोरावर मी त्या बुधवारी केमिस्टला गप्प केलं, टाकी भरली, आणि म्हातारा माणूस घरी बसलाय. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना कुठून असणार? त्यांना वाटत होतं आपण खेळ खेळतोय.

फार बोलले मी. नको ते बोलले. हेडबाई उभी राहिली, पुन्हा बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणाला गप्प बसा म्हणता आलं नाही. मी दार आपटून निघून आले. चालतच. ऊन रणरणत होतं.

आता शांत झाल्यावर लिहिते. राग त्यांचा आला, पण त्यांनी एकदाच खोटं सांगितलं. मी चार महिने रोज सांगत होते, स्वतःला. लिंबू बेचव, संत्रं बेचव, पुदिना नाही, तळ्याचं पाणी. ही वही मागून पुढे वाचली, तर लाज वाटली. पानापानावर लिहिलंय आणि मलाच कळलं नाही.

किती थकलेय मी. हे कळू न देण्यानेच थकले असेन का?

१७ मे, मंगळवार

टाकीमामांच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेर व्हरांडा, तिथे बसून ते मोडक्या स्टुलाचा पाय बसवत होते. मला बघून उठले, "बाई, तुम्ही कशाला आलात उन्हाचं?" मामींनी पाणी आणून दिलं. मी ते प्यायले.

मग विचारलं, "मामा, त्या दिवशी टाकीत उतरलात तेव्हा तुम्हाला वास आला नव्हता?"

मामा हसले. "मला? मला कुठला वास येतोय बाई! नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी गेलं नाक. त्या औषधाच्या वाफेत किती टिकणार."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! दुसऱ्याच दिवशी. तेव्हाचे मोठे साहेब होते, त्यांना जाऊन सांगितलं, साहेब, मला वास येत नाही, टाकी साफ झाली की नाही मला कळणार नाही. तोवर धुणाराच हुंगून टाकी भरायचा. मी सांगितलं म्हणून त्यांनी ठरवलं, तिसरं पाणी चाखणाऱ्या बाईकडे जाईल. तुमच्या आधीच्या बाईंपासून ती पद्धत पडली."

सव्वीस वर्षं तो ग्लास माझ्याकडे येत होता. तो का येतो हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, मी कोणीतरी मोठी आहे म्हणून येतो.

"नोकरी जाईल असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण लोक पितात हो ते. पोरंबाळं पितात." मग स्टुलावर हात दाबून बघत म्हणाले, "आणि नाक गेलं तर गेलं. त्यात माझा काय दोष होता?"

मी म्हटलं, "मामा, मलाही येत नाही."

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"केव्हापासून?"

"जानेवारीपासून."

मला वाटलं आता चिडतील. चिडायलाच हवं होतं. माझ्यापायी चारचौघांत मान खाली घालून बूट काढून गेले होते. पण ते स्टूल बाजूला सारून हळूच म्हणाले, "म्हणजे जानेवारीपासून तिसरं पाणी कोणीच बघितलं नाही."

एवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही. मला तिथे रडू आलं. मामी आतून धावत आल्या, त्यांना वाटलं मामाच काही बोलले. त्या त्यांनाच रागावल्या.

१८ मे, बुधवार

साहेबांना कागद दिला. चारच ओळी. मला जानेवारीपासून वास येत नाही. टाकी क्रमांक दोनचं तिसरं पाणी मी न ओळखता पास केलं. संत्र्याचा अर्कही माझ्यामुळेच वाढला. यात टाकीमामांची चूक नाही. खाली सही. ही सही मी रोज वीसदा करते, आज दोनदा चुकली.

साहेबांनी वाचून केमिस्टसाहेबांना बोलावलं. "तुम्हाला त्या दिवशी वास आला होता?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आला होता. पण बाई म्हणाल्या नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

"त्यांचं बरोबर होतं," मी म्हटलं. "मीच त्यांना गप्प केलं."

साहेब म्हणाले, "बाई, नुसतं येऊन सांगितलं असतंत तरी चाललं असतं."  चार महिन्यांत रोज त्यांच्या दारावरून गेले होते.

मामांना उद्यापासून बोलावलंय. मला डॉक्टरचा दाखला येईपर्यंत रजा. चाखायच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून आले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकवतील, मी म्हणतच होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि म्हणाल्या, "म्हणून मी दूध माझ्याकडे घेतलं होतं."

२३ मे, सोमवार

नाकाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. तापात नाकाची आतली नस मेली म्हणतात. येईल वर्षभरात, किंवा येणारही नाही. आंबट, गोड, खारट, कडू हे जिभेचं, ते राहतं. बाकी सगळं म्हणजे नाकच असतं म्हणे. कांदा आणि मलमाचं विचारलं, तर म्हणाले, ती झोंबण्याची नस वेगळी. इतक्या वर्षांची चाखणारी बाई मी, हे मला आज कळलं!

कारखान्यातून निरोप आला. पहिल्या तारखेपासून लेबलांच्या विभागात. बाटलीवरचा कागद सरळ बसलाय की नाही बघायचं. त्याला डोळे पुरतात. वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला लिहू. पण झोप लागली दुपारी, चांगली दोन तास. किती महिन्यांनी.

तिघींपैकी रोज एकीचा फोन येतो. मी उचलत नाही.

२९ मे, रविवार

उन्हाळ्यातला शेवटचा ठरलेला रविवार. मी जाणार नव्हते. चार वाजता दारावर दोनदा बेल, मग डबलबेलचा आवाज, "चला चला, गाडी सुटते!" सासूबाईंनीच दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "जा. घरात बसून काय लेबलं बघणार आहेस?"

बसमध्ये हेडबाई शेजारी बसली होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "माफ कर." मीही म्हटलं, "तूही मला." 

बाजाराच्या मागे एक लहानसं दुकान आहे, तिथे बसलो. दुकानदार टेबल पुसत आला, काय देऊ? तिघींनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मग एकदम तिघींच्या लक्षात आलं आणि तिघी इकडेतिकडे बघायला लागल्या, कोणी छताकडे, कोणी बाहेर. ते बघून मलाच कसंतरी झालं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "तुम्ही मागवा. मी पिईन."

पंचवीस वर्षांत यांनी कधी काही मागवलं नव्हतं. मेनूकार्ड उघडून तिघी त्यावर डोकी घालून बसल्या. दहा मिनिटं वाद. डबलबेलला एक हवं, हेडबाईला दुसरंच, कात्री म्हणते तिसरं. शेवटी 'आमची खासियत' म्हणून काहीतरी हिरवं होतं, ते मागवलं चार.

आलं. मी घोट घेतला. गार, गोड, किंचित आंबट. बाकी काही नाही. ग्लास खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"कसं आहे? खरं सांगा."

हेडबाईने माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं.  डबलबेलने डोळे पुसले. दुकानदार समोरच उभा होता, कौतुकाने.

कात्रीने अजून एक घोट घेतला आणि ग्लास खाली आपटला.

"भिकार आहे गं. अगदी साबणाचं पाणी."

दुकानदाराचं तोंड उतरलं. मला हसू आलं, मग तिघींनाही आलं, आणि डबलबेल तर हसता हसता पुन्हा रडली. मी म्हटलं, नीट सांग, कसला साबण? कात्री म्हणाली, अंगाचा नाही, कपड्यांचा, स्वस्तातला. हेडबाई म्हणाली, छे, भांड्यांचा. त्यावरून दोघींचं जुंपलं. मी ऐकत बसले. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मला काहीतरी चव आल्यासारखं वाटलं.

पैसे देऊन झाले होते, म्हणून चौघींनी ते तसंच संपवलं.